कापड संपते तिथून

क्रोशाची लेस पाहणारा माणूस आधी नक्षी पाहतो. मी लेस उलटी करते आणि ती कापडाला जिथे जोडली आहे तेवढीच रेघ पाहते. लग्नघरी रुखवतात मांडलेले रुमाल असे उलटून पाहिल्यावर वधूपक्षाच्या बायकांच्या कपाळाला पडणाऱ्या आठ्या मला ठाऊक आहेत, पण सवय सुटत नाही. नक्षी पुस्तकातून उतरवता येते, शेजारणीच्या तोरणावरून उचलता येते, हल्ली फोनवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत टाक्यामागून टाका शिकताही येते. जोड मात्र ज्या त्या कापडापुरता असतो आणि कापड हातात घेतल्याशिवाय तो ठरवता येत नाही. लेस चांगली की वाईट हे त्या रेघेवर ठरते, आणि ती रेघ विणणारीच्या हौसेपेक्षा कापडाच्या मर्जीने चालली पाहिजे, हे माझे मत सोलापूरने घडवलेले आहे.

सोलापुरात कापडाची पारख कोणी मुद्दाम शिकवत नाही. १८७७ मध्ये इथे उभी राहिलेली पहिली सूत-कापड गिरणी ‘जुनी गिरणी’ म्हणूनच लोकांच्या तोंडी राहिली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण माग राहिले. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे पूर्व भागात स्थिरावली आणि जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागावरची चादर व टेरी टॉवेल गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आज या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अशा गावात वाढलेल्या मुलीला ताणा (उभे धागे) कोणता आणि बाणा (आडवे धागे) कोणता हे कापडाला नुसती ओढ देऊन सांगता येते, आणि लेस विणताना नेमके तेच ज्ञान उपयोगी पडते, कारण कापडाच्या चार बाजू सारख्या नसतात. धोट्याच्या मागावर विणलेल्या कापडाच्या दोन बाजूंना काठ असतो. तिथे बाण्याचा धागा वळून परत जातो, म्हणून ती बाजू उसवत नाही. उरलेल्या दोन बाजू कापलेल्या असतात आणि तिथे ताण्याचे धागे सुटे होतात. मग एक तर दुमड घालून ती बाजू शिवावी लागते किंवा त्या धाग्यांना पीळ देऊन दशा कराव्या लागतात. कडेची वीण ही मुळात या कापलेल्या बाजूची गरज आहे. रुमालाच्या चारही बाजूंना आपण एकसारखी लेस लावतो तेव्हा दोन वेगळ्या स्वभावांच्या बाजूंना एकाच नियमात बसवत असतो, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

क्रोशाचे मूळ टाके मोजके आहेत: साखळी, आणि तिच्यावर उभे राहणारे, उंचीने चढते टाके, म्हणजे मुका खांब, अर्धा खांब, खांब आणि सुईवर दोन वेढे घेऊन काढलेला उंच खांब. सगळ्या नक्ष्या यांच्याच जुळवाजुळवीतून होतात. पण लेस कापडाशी कशी नांदणार हे नक्षीआधी आणखी एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे विणण्याची दिशा. एक रीत अशी की कडेच्या लांबीइतकी साखळी आधी घालायची आणि तिच्यावर एकामागून एक ओळी चढवत जायच्या. हिच्यात नक्षी फार मोकळी खुलते, पण साखळ्यांची संख्या नक्षीच्या पटीत बसवावी लागते आणि पायाची साखळी जवळजवळ सगळ्यांच्याच हातून वरच्या ओळींपेक्षा घट्ट पडते, त्यामुळे सरळ पट्टी विणायला घेतली तरी ती हळूहळू धनुष्याकृती होत जाते. यावर उपाय सोपा आहे, साखळीपुरती एका क्रमांकाने जाड सुई वापरावी. तरी कित्येक हुशार बायका तो करत नाहीत आणि पुढे इस्त्रीला दोष देतात. दुसरी रीत आडवी. लेसची जेवढी रुंदी हवी तेवढ्याच साखळ्या घालून जात-येत विणत राहायचे, म्हणजे पट्टी लांबीने वाढत जाते. या रीतीत आधी काहीच मोजावे लागत नाही. परकराच्या घेराला लेस लावायची असेल आणि घेर शिंप्याने नेमका किती ठेवला हे माहीत नसेल, तर हीच रीत खरी, कारण कापड संपले की विणणे थांबवता येते.

तिसऱ्या रीतीत लेस वेगळी विणतच नाहीत. कापडाची दुमड शिवून तिच्यावर काज टाक्याची ओळ घालतात आणि त्या टाक्यांच्या फासांतून क्रोशाची सुई घालून मुक्या खांबांची पहिली ओळ थेट कडेवर उभी करतात. मलमलीसारख्या विरळ कापडात बारीक सुईचा आकडा सरळही जातो, मात्र धागे तुटणार नाहीत इतका हात हलका हवा. मला स्वतःला ही रीत सर्वांत जास्त आवडते, कारण हिच्यात विणणारीला पहिल्या ओळीपासून कापडाशी जुळवून घ्यावे लागते. दोन काज टाक्यांमध्ये अंतर किती ठेवायचे, एका फासात एक मुका खांब घ्यायचा की दोन, हे ठरवताना कापडाचे धागे मोजण्यावाचून गत्यंतर नसते. खांब जास्त झाले की कड लाटांसारखी हलू लागते. कमी झाले की कापड चुणते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे मत मात्र याच्या उलट होते आणि त्यांच्या बाजूने एक भक्कम कारणही होते. परकर दोन-तीन वर्षांत विरतो, लेस विरत नाही. वेगळी विणून हातटाक्याने शिवलेली लेस उसवून नव्या परकराला लावता येते, कडेवर थेट विणलेली लेस कापडाबरोबर जाते. दोरा विकत आणावा लागणाऱ्या घरात हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

परकराच्या लेसबद्दल बोलतेच आहे तर नक्षीबद्दलचे माझे एक कडक मतही सांगून टाकते. परकराला पिको नकोत. पिको म्हणजे तीन-चार साखळ्या घालून पुन्हा त्याच जागी बांधलेली बारीक गाठ. साडीला फॉल-पिको करून आणतो त्यातला पिको वेगळा, तो यंत्राचा. क्रोशाचे पिको दिसायला सुरेख असतात, पण चालताना ते जोडव्यात आणि पैंजणाच्या कडीत अडकतात आणि एकदा अडकले की नुसता पिको तुटत नाही, त्याच्याबरोबर वीतभर ओळ ओढली जाते. परकराला जाडसर दोरा, मुके खांब आणि बेताचे कंगोरे पुरतात. तान्ह्या बाळाच्या कुंचीला आणि झबल्याला नियम आणखी सक्त हवा. तिथे मोठ्या भोकांची जाळी मुळीच नको, कारण बाळाची बोटे त्यात शिरतात आणि गळ्याशी लोंबणारी साखळी तर नकोच नको. बारशाला आलेल्या पाहुण्यांना ही साधी कड फिकी वाटते, पण कुंची पाहुण्यांनी घालायची नसते.

दोऱ्याची निवड हा पुढचा प्रश्न. क्रोशाचा दोरा क्रमांकाने मिळतो आणि क्रमांक वाढतो तसा दोरा बारीक होतो: दहा नंबरचा जाड, वीसचा सर्वसाधारण रुमालांसाठी, चाळीस नंबर आणि त्यापुढचा तलम कामासाठी. त्याला जी चमक असते ती मर्सराइज करण्यातून येते. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने सुती कापडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधून १८५० मध्ये तिचे पेटंट घेतले, पण त्यात सूत आटत असे. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा आटणे थांबले आणि चमक आली. लेस विणणाऱ्या बाईला या इतिहासाशी कर्तव्य नसले तरी त्याच्या परिणामाशी आहे. मर्सराइज केलेला दोरा धुतल्यावर फारसा आटत नाही. कोरे सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात चांगलेच आटते, आणि मागावर ताणा ओढून धरलेला असल्यामुळे ते सहसा आडव्यापेक्षा उभ्या बाजूने जास्त आटते. म्हणजे न धुतलेल्या रुमालाला चोख बसवलेली लेस पहिल्या धुण्यानंतर चारही बाजूंना जास्तीची होते, आणि त्यातही दोन बाजूंना अधिक जास्तीची. रुमाल दोरीवर वाळत घातला की त्याच्या दोन कडा जवळजवळ सरळ आणि दोन झालरीसारख्या दिसतात, तेव्हा त्यात विणीचा काही दोष नसतो. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे आणि मगच त्याला सुई लावावी. लाल, किरमिजी आणि गडद निळा दोराही आधी पाण्यात बुडवून पाहावा, कारण पांढऱ्या रुमालावर उतरलेला रंग कोणत्याच खळीने झाकला जात नाही.

कोपरा हा लेसचा सर्वांत अवघड भाग आहे आणि रुखवतात मी रेघेनंतर पाहते ती जागा तीच. सरळ बाजूवरून दुसऱ्या बाजूला वळताना कोपऱ्याच्या एकाच भोकात तीन मुके खांब घ्यावे लागतात, उंच खांबांची ओळ असेल तर त्याहून जास्त, मध्ये साखळ्या सोडून. कमी घेतले तर कोपरा वाटीसारखा वर उचलला जातो, जास्त घेतले तर तिथे चुणी पडते. यामागचा हिशेब सरळ आहे. पाच सेंटिमीटर रुंदीची लेस चौकोनी कापडाभोवती फिरली की तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा प्रत्येक कोपऱ्यात दहा सेंटिमीटरने, म्हणजे एकूण चाळीस सेंटिमीटरने लांब भरते. हे चाळीस सेंटिमीटर जास्तीच्या खांबांतून निर्माण करावे लागतात. गोल कापडाला तीच लेस लावली तर बाहेरची कड सुमारे एकतीस सेंटिमीटरने वाढते, आणि यातली गमतीची गोष्ट अशी की कापड ताटावर झाकायच्या रुमालाएवढे असो की बारा माणसांच्या टेबलाएवढे असो, वाढ तेवढीच राहते, कारण ती फक्त लेसच्या रुंदीवर अवलंबून आहे. त्यामुळे लहान गोल रुमाल मोठ्यापेक्षा अवघड असतो: तेवढीच जास्तीची लांबी त्याला फार थोड्या घेरात रिचवावी लागते आणि लपवायला कोपराही नसतो.

गणिताची ही सवय सोलापुरातल्या बायकांना पुष्कळदा मागावरून येते. जाळीच्या क्रोशात एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब असे रिकामे घर होते आणि साखळ्यांच्या जागी दोन खांब घेतले की ते घर भरते. रिकाम्या आणि भरलेल्या घरांतून मोर, कलश, वेल, अक्षरे असे काहीही काढता येते, त्यासाठी लागतो तो फक्त चौकटींचा कागद. जेकार्डच्या चादरीची नक्षीही आधी चौकटींच्याच कागदावर उतरते आणि मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडली जातात; फ्रान्समध्ये जाकारने १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. त्यामुळे ज्या घरात चादरीच्या नक्षीचे जुने कागद पडलेले असत तिथे तोरणाच्या नक्षीची वाण पडत नसे. पण कागद जसाच्या तसा विणता येत नाही. आमच्या शेजारच्या अक्कांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग होता. मी त्यांच्याकडचा मोर लेसमध्ये काढायला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, “कागदावरचा मोर तसाच उतरतोय होय? आधी वीतभर विणून बघ की, मग मोज.” नक्षीच्या कागदावरची घरे चादरीच्या ताण्याबाण्याच्या प्रमाणात आखलेली असतात, आणि क्रोशाच्या घराची रुंदी तीन टाक्यांची तर उंची एका खांबाची. ही दोन्ही मापे प्रत्येकीच्या हाताप्रमाणे बदलतात. कुणाचे घर बुटके होते आणि मोर बदकासारखा बसका दिसतो, कुणाचा हात सैल असला की मान नको तितकी लांबते. दहा घरे रुंद आणि दहा घरे उंच असा तुकडा विणून पट्टीने मोजायचा आणि मग कागदावरच्या ओळी वाढवायच्या किंवा गाळायच्या, हा अक्कांचा सल्ला मागावरचा होता, पण क्रोशालाही तो तंतोतंत लागू पडतो.

टेरी टॉवेलला लेस लावून द्या, अशी मागणी अलीकडे वाढली आहे, बहुधा भेट द्यायला सोलापूरचे काहीतरी हवे असते म्हणून. टेरीत ताणे दोन असतात, एक घट्ट आणि एक सैल, आणि सैल ताण्याचेच ते पाणी टिपणारे फास होतात. क्रोशाच्या सुईला असे फास दिसले की ती त्यांतच जाते, म्हणून टॉवेलच्या अंगात सुई घालण्याचा विचारच करू नये. दोन्ही टोकांना बिनफासांची जी सपाट पट्टी असते तिच्या दुमडीवरच काज टाका घालावा. दोरा जाड हवा, खांब आखूड हवेत, आणि लेस दोन बोटांपेक्षा रुंद नको, नाहीतर टॉवेल पिळताना ती दोरीसारखी वळते आणि मग रोज इस्त्री करायला कोणाला वेळ आहे? खरे विचाराल तर तोंड पुसायच्या टॉवेलला लेस असू नये. हात पुसायच्या लहान नॅपकिनला शोभते. चादरीला तर मी नकारच देते. तिच्या जाड विणीपुढे वीस नंबरची लेस केविलवाणी दिसते आणि दहा नंबरची ओझे होते.

चाटी गल्लीत, म्हणजे सोलापूरच्या कापडबाजारात, मीटरवर ‘क्रोशा लेस’ म्हणून जे मिळते ते क्रोशा नसते, हे दुकानदारालाही ठाऊक असते. खरा क्रोशा करणारे यंत्र कारखान्यांत नाही, कारण त्यात एकच फास आधी विणलेल्या भागात हव्या त्या ठिकाणी घुसवून ओढून काढायचा असतो आणि ती जागा दर टाक्याला हाताने शोधावी लागते. यंत्रावरची लेस बहुधा ताण्याच्या अनेक धाग्यांची विणलेली असते किंवा विरघळणाऱ्या कापडावर भरतकाम करून नंतर ते कापड काढून टाकलेले असते. ओळखायची खूण अशी: यंत्रावर ताण्याच्या धाग्यांनी विणलेल्या लेसमध्ये लांबीच्या दिशेने समांतर साखळ्या धावताना दिसतात, आणि हातचा क्रोशा शेवटच्या टाक्यापासून धरला तर पहिल्या साखळीपर्यंत एकाच दोऱ्यात उसवत जातो. मी यंत्राच्या लेसला नावे ठेवत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या परकर-पोलक्याला तीच लावावी. फक्त तिचा भाव समोर धरून हाताच्या लेसचा भाव कोणी ठरवू नये.

भावाचा हा प्रश्न जुना आहे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात क्रोशाच्या लेसवर कितीतरी घरे तगली. आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाकडच्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला शिकवली आणि तिथली लेस परदेशी जाऊ लागली. त्या लेसलाही आता भौगोलिक मानांकन आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या विणकर बायकांचा केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. निर्यातीचा माल दिवसभर विणणाऱ्या त्या बायका गृहिणीच समजल्या जात आणि त्यांचे काम फावल्या वेळाचे धरले जाई, हे त्यातले निरीक्षण मला परके वाटत नाही. सोलापुरात याच्या शेजारीच दुसरे उदाहरण आहे. इथल्या हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, त्यांची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, त्यांच्यासाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला, त्यांच्या संघटना आहेत आणि त्यांनी मोर्चे काढलेले आहेत. विडीची मजुरी पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही, पण ते काम आहे याबद्दल कुणाचे दुमत नाही. त्याच उंबऱ्यावर, त्याच दुपारी, घामेजल्या बोटांना पावडर लावून पांढरी लेस विणणारी बाई मात्र ‘वेळ घालवत’ असते. तिला रुमालाचे पैसे सांगताना निम्म्या वेळा स्वतःलाच संकोच वाटतो, आणि घेणाऱ्याला तो संकोच बरोबर दिसतो.

मी संकोच सोडला तो कोपऱ्यांमुळे. लेसचा दर मी आता मीटरवर सांगते आणि चारही कोपऱ्यांचे पैसे वेगळे लावते. कापड आधी धुऊन घेण्याचे निराळे. कोपऱ्याचे पैसे ऐकून लोक हसतात. गेल्या संक्रांतीला, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, हळदीकुंकवाला आलेल्या एका ओळखीच्या वहिनींनी वाण म्हणून द्यायला रुमाल ठरवले, दर ऐकला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “मग असं करा ना, गोलच विणा. कोपरेच नकोत म्हणजे कोपऱ्याचे पैसेही नकोत.” मी त्यांना मोजपट्टी, कागद आणि ते एकतीस सेंटिमीटर दाखवले. त्यांनी चौकोनी रुमाल घेतले. गोल रुमालाचा दर मी तेव्हापासून चौकोनीपेक्षा थोडा जास्तच सांगते.